खनिज, जंगल आणि हद्द : भिलाईच्या दक्षिणेकडील पट्ट्याचा इतिहास

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात, शिवनाथ नदीच्या पूर्वेला, मुंबई-हावडा लोहमार्गावर भिलाई वसले आहे. पोलादाचे शहर म्हणून ते देशभर ओळखले जाते, पण पोलादासाठी लागणारे लोहखनिज भिलाईच्या मातीत नाही. ते दक्षिणेला शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दल्ली-राजहराच्या डोंगरांतून येते. तिथून आणखी दक्षिणेला रावघाटची डोंगररांग आहे, तिच्या पलीकडे अबूझमाड, पश्चिमेला महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा आणि पूर्वेला सिहावा-उदंतीची जंगले. साल, साग, बांबू आणि मोहाच्या या सलग पट्ट्यात वाघ, बिबटे, अस्वले आणि मध्य भारतात जवळजवळ नामशेष झालेली रानम्हैस यांचा वावर आहे. गोंड, माडिया, हलबा आणि अगरिया समाजांचीही ही भूमी. गेल्या अडीचशे वर्षांत या पट्ट्यावर अनेक हद्दी आखल्या गेल्या. आधी त्या महसुलासाठी होत्या, मग लाकडासाठी, मग खनिजासाठी आणि त्यानंतर सुरक्षा दलांच्या कामासाठी. वन्यप्राण्यांच्या अधिवासाची हद्द सर्वांत उशिरा आली, आणि आधीच्या रेषांमधून जी जागा उरली होती तिथेच तिला बसावे लागले.

छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकाच्या मध्याला सुरू झाला. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या फौजेने रतनपूर घेतले आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथे राहून कारभार पाहू लागले. मैदानी मुलखात भोसल्यांची वसुली चोख होती. डोंगराच्या कडेला मात्र जमीनदाऱ्या होत्या. जमीनदाराने टाकोळी, म्हणजे खंडणी, भरायची, घाटवाटा राखायच्या आणि आत डोंगरात काय चालते याची जबाबदारी घ्यायची, अशी ही व्यवस्था होती. जंगल हीच इथली खरी सरहद्द होती, आणि तिची नेमकी रेषा ठरवण्याची गरज नागपूरला वाटली नाही. बस्तर आणि कांकेर ही संस्थाने भोसल्यांची मांडलिक झाली तेव्हाही देणे ठरले ते पैशांत आणि परगण्यांत. १८३० मध्ये टाकोळीपोटी बस्तरकडून सिहावा परगणा नागपूरकडे आला तो असाच. महानदीचा उगम ज्या डोंगरांत होतो तो हा मुलूख. हिशेबाच्या एका कलमाने त्याचा मालक बदलला.

कर आणि परक्यांचा शिरकाव यांविरुद्धचा पहिला मोठा उठाव याच पट्ट्यात झाला. कोटरी नदीच्या खोऱ्यातल्या परलकोट जमीनदारीचे गेंदसिंह यांनी १८२४ च्या अखेरीस अबूझमाडिया लोकांना एकत्र केले. धावड्याच्या फांद्या गावोगाव फिरवून उठावाचा निरोप पोहोचवला गेला. तेव्हा नागपूरचे राज्य अल्पवयीन रघुजी तिसरे यांच्या नावाने इंग्रज अधिकारी चालवत होते. त्यामुळे उठावाचा रोख मराठ्यांच्या वसुलीवर होता तसाच इंग्रजांवरही होता. तो मोडायला फौज आली ती चांद्याहून, म्हणजे आजच्या चंद्रपूरहून. २० जानेवारी १८२५ रोजी गेंदसिंहांना त्यांच्याच वाड्यासमोर फाशी देण्यात आले. 

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी बनली. आता रेषा काटेकोर आखल्या जाऊ लागल्या. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी सरकारी जंगल, राखीव जंगल आणि जमीनदारी जंगल असे भाग पडले. रेल्वेच्या स्लीपरसाठी साल आणि साग हवा होता, म्हणून राखीव जंगलाची हद्द लाकडाच्या प्रतीवरून ठरली. त्या जंगलातला प्राणी हा शिकारीचा विषय होता. जेम्स फोरसिथ यांच्या १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरील ग्रंथात प्रांताच्या पूर्वेकडील रानम्हशींचे वर्णन येते ते शिकाऱ्याच्या नजरेने. प्राण्यासाठी जमीन राखून ठेवावी, ही कल्पना त्या काळच्या वनखात्याच्या कामात नव्हती.

वनहद्दीची सर्वांत तीव्र प्रतिक्रिया बस्तरमध्ये उमटली. १९०५ मध्ये संस्थानातील दोन तृतीयांश जंगल राखीव करण्याचा, फिरती शेती बंद करण्याचा आणि जंगलातल्या शिकारीवर व वनोपजावर बंधने घालण्याचा प्रस्ताव आला. गावे उठवली जाऊ लागली, त्यात दुष्काळ आला आणि १९१० मध्ये भूमकाल नावाचा उठाव उसळला. नेतानारचे गुंडाधूर हे त्याचे सर्वांत परिचित नाव. आंब्याच्या फांद्या, मिरच्या, माती आणि बाण हे निरोप म्हणून गावागावांत फिरले. बाजार लुटले गेले, अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची घरे जाळली गेली. फौजेने उठाव चिरडला, पण राखीव करायच्या जंगलाचे क्षेत्र आधीच्या योजनेच्या साधारण निम्म्यावर आणावे लागले. जंगलरक्षणाच्या नावाने माणसाला बाहेर काढले की जंगलही टिकत नाही, हा धडा इथे १९१० मध्येच मिळाला होता. पुढच्या कारभाऱ्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही, असे दुःखाने म्हणावे लागते.

याच सुमारास आजच्या राज्यसीमेचे बीज पडले. १९०६ मध्ये रायपूर आणि बिलासपूर जिल्ह्यांचे भाग तोडून दुर्ग हा नवा जिल्हा झाला. त्यापाठोपाठ चांदा जिल्ह्यातील अंबागड चौकी, पानाबरस आणि कोराचा या तीन जमीनदाऱ्या दुर्गला जोडण्यात आल्या. दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात, दोन्हींचे वरिष्ठ कार्यालय नागपुरात, त्यामुळे हा बदल निव्वळ कारभाराच्या सोयीचा होता. पण पन्नास वर्षांनी राज्ये वेगळी झाली तेव्हा हीच जिल्हासीमा राज्यसीमा बनली. कोटरी नदी याच मोहला-पानाबरसच्या मुलखात उगम पावते, दक्षिणेला परलकोटमधून वाहते आणि पुढे गडचिरोलीत भामरागडजवळ पर्लकोटा या नावाने इंद्रावतीच्या पात्रात येते. पावसाळ्यात भामरागडचा संपर्क तोडणारे पाणी छत्तीसगडच्या डोंगरांवरून आलेले असते. जमीनदाऱ्या हलवताना नदीचे खोरे कुणी पाहिले नव्हते.

या डोंगरांतले लोखंड स्थानिकांना पूर्वीपासून माहीत होते. अगरिया लोक मातीच्या छोट्या भट्टीत कोळसा आणि खनिज यांचे थर रचून, पायाने भाते चालवून लोखंड गाळत आणि त्यापासून फाळ, कुऱ्हाडी, बाणाची पाती बनवत. राखीव जंगलातून कोळशासाठी लाकूड तोडायला बंदी, भट्टीवर कर आणि बाजारात विलायती लोखंड, या तिहेरी माऱ्याने हा धंदा आकसत गेला. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये अगरियांवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांना उतरणीला लागलेली कारागिरी नोंदवावी लागली.

भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोखंडाच्या धंद्यावर अहवाल प्रसिद्ध केला. दल्ली-राजहराचे साठे त्यामुळे सरकारी दप्तरात आले. डोंडी-लोहाराच्या जमीनदारीतली ही टेकाडे तेव्हा रायपूर जिल्ह्यात मोडत होती. त्याच्या पाच वर्षे आधी, १८८२ मध्ये, जमशेदजी टाटांच्या वाचनात रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहखनिजावरचा अहवाल आला होता. पोलादाचा कारखाना विदर्भात, लोहाऱ्याचे खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा वापरून उभारता येईल, अशी ती कल्पना होती. विसाव्या शतकाच्या आरंभी खाणविषयक नियम सैल झाल्यावर दोराबजी टाटा, अमेरिकी भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड आणि शापूरजी सकलातवाला चांद्याच्या जंगलात उतरले. पाण्याची टंचाई, वाघांचा वावर आणि बैलगाडीच्या वाटा अशा परिस्थितीत पाहणी झाली आणि निष्कर्ष निराशेचा निघाला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम असले तरी साठा अपुरा होता आणि वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा नव्हता.

काम सोडून देत असल्याचे कळवायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. भेटायचे अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला ते जवळच्या संग्रहालयात शिरले. तिथे लावलेल्या मध्य प्रांताच्या भूशास्त्रीय नकाशावर दुर्गच्या बाजूला लोहखनिजाची खूण त्यांना दिसली. वेल्ड आणि ते दल्ली-राजहराला पोहोचले. चालताना पायाखालची टेकडी धातूसारखी वाजावी इतके ते खनिज कसदार होते. तरीही कारखाना इथे झाला नाही. १९०४ मध्ये प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातील गोरुमहिसानीच्या साठ्यांविषयी टाटांना पत्र लिहिले. कोळसा आणि पाणी तिथून जवळ होते, म्हणून साकची येथे, म्हणजे पुढच्या जमशेदपुरात, कारखाना गेला. दल्ली-राजहराचे डोंगर आणखी अर्धे शतक जंगलाखाली राहिले. या योगायोगाने तिथल्या अधिवासाला जितके संरक्षण मिळाले तितके कोणत्याही कायद्याने दिलेले दिसत नाही.

१ जानेवारी १९४८ रोजी बस्तर आणि कांकेर मध्य प्रांत व वऱ्हाडात विलीन झाली. १९५० मध्ये त्या प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूरच राहिली. १९४८ ते १९५६ या आठ वर्षांत चांदा, दुर्ग आणि बस्तरसह गडचिरोलीपासून सिहाव्यापर्यंतचे सगळे जंगल एका राज्यात आणि एका वनखात्याखाली होते. इतिहासात ही संधी एकदाच आली. भिलाईचा निर्णय झाला तो याच काळात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १० लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी जागा भिलाईची असावी यासाठी नागपुरातून नेटाने पाठपुरावा केला. राजहराचे खनिज, नंदिनीचा चुनखडक, तांदुळा धरणाचे पाणी आणि दारातून जाणारा लोहमार्ग हे सगळे इथे जुळून आले होते.

कारखान्याचे काम चालू असतानाच १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. दुर्ग आणि बस्तर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला गेली. भाषेच्या आधारावर ही वाटणी रास्त होती. पण चांदा-दुर्ग-बस्तरच्या सलग जंगलात तिने पहिल्यांदाच राज्यसीमा आणली, आणि त्या जंगलातले लोक तर दोन्हीकडे गोंडी आणि माडियाच बोलत होते. मराठी आणि हिंदी या दोन भाषांच्या हिशेबाने त्यांचा मुलूख दुभागला गेला. भिलाईत नोकरीसाठी येणाऱ्या मराठी कुटुंबांना नागपूर पुढेही जवळचेच राहिले, कारण गाडी होती. मोहल्याच्या माणसाला कोरचीच्या बाजाराला जाताना मात्र आता दुसऱ्या राज्यात पाऊल टाकावे लागत होते.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराच्या डोंगरांवर पायऱ्या-पायऱ्यांनी खाणकाम सुरू झाले, पायथ्याशी खाणकामगारांची वस्ती उभी राहिली आणि देशाच्या रेल्वेला लागणारे रूळ भिलाईतून जाऊ लागले. खाणीच्या लाल मातीने ओढे गढूळ झाले. १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या पुढाकाराने तिथल्या कंत्राटी मजुरांची संघटना उभी राहिली. तिने मजुरीच्या लढ्याबरोबर दारूबंदी, रुग्णालय आणि जंगल हे प्रश्नही हाती घेतले. एकाच जातीच्या झाडांची व्यापारी लागवड न करता स्थानिक वापराची मिश्र झाडे लावावीत, हा त्यांचा आग्रह काळाच्या पुढचा होता. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत नियोगींची हत्या झाली.

याच काळात देशाच्या सरहद्दीवरची घडामोड या जंगलात येऊन पोहोचली. पूर्व पाकिस्तानातून येणाऱ्या निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी केंद्राने १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू केला आणि बस्तरमधला परलकोट हा त्याचा एक विभाग ठरला. पखांजूरच्या परिसरात जंगल साफ करून बंगाली गावे वसवण्यात आली. घरदार गमावून आलेल्या त्या कुटुंबांनी भाताची खाचरे उभी केली आणि त्यांच्या कष्टांना सीमा नव्हती. मात्र रानम्हशीला लागणारी नदीकाठची सपाट, गवताळ, पाणथळ जागा आणि माणसाला भातशेतीसाठी लागणारी जागा एकच असते. कोटरीच्या खोऱ्यातली अशी जमीन नांगराखाली गेली.

या वसाहतीला राजकीय विरोध केला तो पानाबरसचे जमीनदार लालश्याम शाह यांनी. १९६२ मध्ये ते चांदा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. त्यांची जमीनदारी मध्य प्रदेशात आणि मतदारसंघ महाराष्ट्रात होता, यावरून राज्यसीमा आदिवासी समाजाला किती वरवरची होती ते कळते. आदिवासींच्या जमिनी आणि जंगल जात असल्याचे सांगून त्यांनी १९६४ मध्ये खासदारकीचा राजीनामा दिला. वीस वर्षांनी इंद्रावती आणि गोदावरीवर भोपाळपट्टणम आणि इंचमपल्ली ही मोठी धरणे प्रस्तावित झाली तेव्हा तेच लालश्याम शाह आणि बाबा आमटे एका व्यासपीठावर आले. १९८४ च्या ‘मानव बचाव, जंगल बचाव’ आंदोलनात सीमेच्या दोन्ही बाजूंचे आदिवासी सामील झाले आणि ही धरणे मागे पडली. ती झाली असती तर इंद्रावतीकाठचे जंगल पाण्याखाली गेले असते. या पट्ट्यातल्या अधिवासाचे सर्वांत मोठे रक्षण वनखात्याने आखलेल्या हद्दीमुळे झाले नाही, ते या आंदोलनामुळे झाले.

अभयारण्यांची आखणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वेगाने झाली. सिहाव्याच्या जंगलात १९७४ मध्ये सीतानदी अभयारण्य जाहीर झाले आणि ओडिशाच्या सीमेला लागून १९८३ मध्ये उदंती. बस्तरच्या पश्चिम टोकाला इंद्रावती राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८३ मध्ये त्याचा व्याघ्र प्रकल्पात समावेश झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २,८०० चौरस किलोमीटर आहे. इंद्रावती नदी ही इथली राज्यसीमा, म्हणून उद्यानाची हद्दही नदीपाशीच थांबली. पलीकडच्या काठाला महाराष्ट्राने भामरागड अभयारण्य केले ते १९९७ मध्ये. नदीच्या एका काठाला संरक्षण आणि दुसऱ्या काठाला चौदा वर्षे काहीच नाही, असा हा कारभार होता. भिलाईत १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून मैत्री बाग उभारण्यात आली. तिथले पांढरे वाघ पाहायला दूरदूरची माणसे येतात. राजहराच्या दक्षिणेकडच्या मोकळ्या वाघाविषयी मात्र शहराला फारसे काही कळत नव्हते.

१९८० च्या सुमारास आंध्रातून गोदावरी ओलांडून नक्षलवादी दलमे गडचिरोलीत आणि बस्तरमध्ये आली. तेंदूपत्ता आणि बांबूची मजुरी वाढवून देणे, वनरक्षकांच्या जाचाला आळा घालणे या मार्गाने त्यांनी जम बसवला. त्यापाठोपाठ बंदूक, लोकन्यायालये आणि गावातल्या माणसांच्या हत्या आल्या. राज्यसीमा त्यांच्या उपयोगी पडली. एका राज्याचे पोलीस मागे लागले की दुसऱ्या राज्यात निघून जायचे. महाराष्ट्राने १९९० मध्ये सी-६० हे पथक उभारले, तरी सीमेवर पाठलाग थांबत असे. १२ जुलै २००९ रोजी मानपूरजवळच्या मदनवाड्यात दबा धरून केलेल्या हल्ल्यांत राजनांदगावचे पोलीस अधीक्षक विनोदकुमार चौबे यांच्यासह २९ पोलीस मारले गेले. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला गडचिरोलीच्या लाहेरीजवळ १७ पोलीस शहीद झाले.

त्यानंतर देशाच्या सरहद्दी राखण्यासाठी स्थापन झालेली दले या अंतर्भागात आली. चीनच्या सीमेसाठी १९६२ मध्ये उभारलेले भारत-तिबेट सीमा पोलीस दल राजनांदगाव जिल्ह्यात तैनात झाले. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या सीमेवर काम करणारे सीमा सुरक्षा दल कांकेरमध्ये उतरले आणि त्याचे इथले मुख्यालय भिलाईजवळ रिसालीत आले. नेपाळ आणि भूतानची सीमा पाहणारे सशस्त्र सीमा बल पुढे रावघाटच्या रेल्वेमार्गाच्या रक्षणाला आले. समुद्रापासून आणि कोणत्याही परदेशापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भिलाईभोवती तीन सीमादलांचे तळ पडले. सिक्कीम, त्रिपुरा, राजस्थानात नोकरी केलेले जवान अंतागडच्या सालवनात गस्त घालू लागले. त्यांतल्या अनेकांनी इथे प्राण गमावले आणि सुरुंगांनी अनेकांना जन्माचे अपंग केले.

रावघाट हे नाव या सगळ्याच्या मध्यभागी आहे. दल्ली-राजहराचे साठे संपत आल्यावर भिलाईचे भवितव्य रावघाटवर अवलंबून राहिले. तिथे ५० कोटी टनांहून अधिक लोहखनिज आहे आणि ते मातला राखीव जंगलात, राजाराव या देवाच्या डोंगरावर आहे. परिसरातल्या गोंडांसाठी हा डोंगर पूजेचा आहे. भिलाई कारखान्याची मागणी १९८० च्या दशकापासूनची असली, तरी वन आणि पर्यावरण मंजुऱ्या मिळाल्या २००८-०९ मध्ये आणि खाणपट्टा सुमारे २,०२८ हेक्टरचा ठरला. त्याआधी, डिसेंबर २००७ मध्ये, दल्ली-राजहरा ते रावघाट आणि पुढे जगदलपूर अशा २३५ किलोमीटर लोहमार्गाचा करार झाला होता. पहिल्या टप्प्यातले ९५ किलोमीटर अंतर कापायला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला. प्रत्येक पुलाजवळ आणि बोगद्याजवळ सुरक्षा दलाचा तळ उभा राहिला, तेव्हा रूळ पुढे सरकले. एप्रिल २०१८ मध्ये गाडी भानुप्रतापपूरला पोहोचली आणि २०२२ मध्ये अंतागडला. गावकऱ्यांना शहराशी जोडणारी प्रवासी गाडी मिळाली, आजाऱ्याला रायपूर गाठता येऊ लागले, याचे मोल मोठे आहे. त्याच रुळांनी सिहाव्याकडचे जंगल आणि अबूझमाड यांच्यामध्ये एक कायमची भेग पाडली, हेही तितकेच खरे आहे.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१४ मध्ये देशातील व्याघ्रमार्गांचे नकाशे प्रसिद्ध केले. त्यांतले दोन या प्रदेशातून जातात. एक कान्हा, नवेगाव-नागझिरा, ताडोबा आणि इंद्रावती यांना जोडतो, दुसरा इंद्रावतीहून उदंती-सीतानदीमार्गे ओडिशातील सुनाबेडापर्यंत जातो. वन्यजीव कायद्याच्या ३८-ओ कलमानुसार अशा जोडजंगलाचा वापर बदलायचा असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी लागते. व्यवहारात मात्र खाणपट्ट्याला सीमास्तंभ असतात आणि व्याघ्रमार्गाला गाव-नकाशावर एक रेघही नसते. मध्य प्रदेशातून वेगळ्या झालेल्या छत्तीसगडमधील वाघांचा अंदाज २०१४ मध्ये ४६, २०१८ मध्ये १९ आणि २०२२ मध्ये १७ असा उतरत गेला. इंद्रावतीच्या मोठ्या भागात वनकर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे शिरताच येत नव्हते, त्यामुळे तिथली नोंद अपुरी राहिली. बंदुकीच्या भीतीने ठेकेदार आणि करवतीही बाहेर राहिल्या, म्हणून जंगल उभे राहिले, असे पुष्कळदा म्हटले जाते. झाडांपुरते ते बऱ्याच अंशी खरे असावे. पण झाडे उभी असणे आणि प्राणी टिकून असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फास, विजेच्या तारा आणि भरमार बंदुका यांना कुणी अडवणारे नसले की आधी हरणे आणि रानडुकरे कमी होतात आणि त्यामागोमाग वाघ जातो.

महाराष्ट्राच्या बाजूला सुरजागडची कथा याला समांतर आहे. एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा जानेवारीत भरते. २००७ मध्ये इथे सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला, २०१६ मध्ये खोदकाम सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहने जाळली. पुढे पोलीस बंदोबस्तात खाण वाढत गेली. २०२५ मध्ये खनिज-प्रक्रियेसाठी भामरागडच्या राखीव जंगलातील आणखी सुमारे ९३७ हेक्टर जमीन वळवण्यास केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली. १८८२ मध्ये जमशेदजींना चांद्याच्या लोखंडाविषयी जे वाटले होते ते अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी खरे ठरू लागले, आणि ते लोहाऱ्यापासून दूर, माडियांच्या डोंगरात.

रानम्हशीचा प्रश्न यात सर्वांत निकडीचा आहे. छत्तीसगडने २००१ मध्ये तिला राज्यप्राणी केले. उदंतीतला कळप गावठी म्हशींच्या संकराने आणि एकाकीपणाने खंगत गेला. तो वाचवण्यासाठी कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २०१४ मध्ये क्लोन तयार करण्यात आला आणि २०२० पासून आसामच्या मानसमधून म्हशी आणून बारनवापाऱ्यात ठेवण्यात आल्या. शुद्ध वंशाच्या मोकळ्या म्हशी मध्य भारतात उरल्या त्या इंद्रावतीच्या दोन काठांवर. गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यातील कोलामार्का हे १८० चौरस किलोमीटरचे क्षेत्र महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केले. या म्हशी नदी ओलांडून ये-जा करतात. एका काठावर गणना झाली की दुसऱ्या काठावरच्या म्हशी तिच्यातून सुटतात. १९५६ मध्ये दुभंगलेल्या वनखात्याची किंमत ही म्हैस आजही मोजते आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानहत्तींचा कळप गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात उतरला. अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत रतनपूर, सरगुजा आणि बस्तर यांची नावे हत्तींच्या जंगलांत दिली आहेत, पण अलीकडच्या पिढ्यांना हत्ती माहीतच नव्हता. ओडिशा आणि झारखंडमधल्या खाणींनी हत्तींना पश्चिमेकडे ढकलले, आणि बालोद, राजहरा, मानपूर या भागातून जंगलाचा धागा अजून तुटला नव्हता म्हणून ते इथवर येऊ शकले. भाताच्या रोपांची नासाडी झाली, घरे मोडली, माणसे दगावली. मोबदल्याचे दर दोन राज्यांत वेगळे, हत्ती कुठे आहेत याची खबर देणारी व्यवस्थाही वेगळी, त्यामुळे सीमेवरच्या गावांचे हाल अधिक झाले.

२०२४ आणि २०२५ मध्ये सशस्त्र संघर्षाचा तोल झपाट्याने बदलला. १६ एप्रिल २०२४ रोजी कांकेर जिल्ह्यात सीमा सुरक्षा दल आणि राज्य पोलीस यांच्या कारवाईत २९ माओवादी मारले गेले. मे २०२५ मध्ये अबूझमाडात माओवादी पक्षाचे सरचिटणीस नंबाला केशव राव ठार झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. जिथे पोहोचायला पूर्वी दिवस लागत तिथे रस्ते आणि पोलीस मदत केंद्रे झाली. वनखात्याला इंद्रावतीच्या आतल्या भागात गस्तीला जाणे शक्य होऊ लागले आहे आणि खाण कंपन्यांच्या पाहणी पथकांनाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक जंगलावर हक्क दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो मिळवला आणि बांबूच्या विक्रीतून जंगल राखून दाखवले. अबूझमाड आणि रावघाटच्या परिसरातील गावांचे असे दावे निकालात निघण्याआधी तिथले खाणपट्टे वाढतात की दावे आधी मंजूर होतात, यावर कोटरीच्या खोऱ्यातल्या जंगलाची पुढची हद्द ठरणार आहे.